खडकाला बांधलेली राजकन्या

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



फळ्यावर लावलेले चित्र मघापासून तुम्ही सगळ्याजणी पाहत आहात, आणि थोडी कुजबूजही चालली आहे ती माझ्या कानांवर आली. हे असले चित्र मंडळात कशाला, असे कोणाला वाटले असेल तर मला त्याचा राग नाही. चित्रातली मुलगी जवळजवळ उघडी आहे. त्याबद्दल मी पुढे बोलणार आहे, टाळणार नाही. पण ती तिथे तशी का उभी आहे आणि कोणी उभी केली, एवढे आधी ऐकून घ्या. मग हवे तर चित्राकडे पाठ करून बसा.

मी चित्रकलेतली जाणकार नव्हे. रांगोळीपलीकडे माझ्या हातून कधी रेघ ओढली गेली नाही. पण चित्रात गोष्ट असली की माझे लक्ष गोष्टीतल्या माणसांकडे जाते, आणि या गोष्टीतल्या माणसांनी मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिलेले नाही.

हे तैलचित्र इटलीतल्या व्हेनिस शहरी १५५४ ते १५५६ या काळात काढले गेले. चित्रकार तित्सियानो, इंग्रज त्याला टिशियन म्हणतात. मूळ चित्र आज लंडनच्या वॉलेस कलेक्शन नावाच्या संग्रहालयात आहे. आपल्या फळ्यावरचा कागद हातभर आहे, पण मूळ चित्र सुमारे पावणेसहा फूट उंच आणि सव्वासहा फूट रुंद आहे. व्हेनिस म्हणजे पाण्यात वसलेले शहर. तिथे भिंतीवर चित्र काढले तर ओल लागून पोपडे सुटतात. पोपडे म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको! म्हणून तिथले चित्रकार लाकडी चौकटीवर कापड ताणून त्यावर तेलात खललेल्या रंगांनी चित्रे काढू लागले. त्या कलेत टिशियनचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता.

आता गोष्ट. ती ग्रीक लोकांची, पण चित्रकाराने घेतली रोमन कवी ओव्हिड याच्या काव्यातून. हा कवी दोन हजार वर्षांपूर्वीचा. इथिओपिया देशाचा राजा सेफियस, राणी कॅसिओपिया, आणि त्यांची मुलगी अँड्रोमेडा. राणीला रूपाचा फार अभिमान. समुद्रातल्या जलदेवतांपेक्षाही आपण सुंदर, असे ती बोलून गेली. कोणी सांगतात, स्वतःच्या नव्हे तर लेकीच्या रूपाबद्दल ती तसे बोलली. कसेही असो, जलदेवतांना ते लागले. समुद्रदेव रागावला, त्याने देशावर पाणी सोडले आणि एक प्रचंड जलराक्षस पाठवला. राजाने अमॉन देवाचा कौल मागितला. कौल निघाला की, मुलीला समुद्रकाठच्या खडकाला बांधा आणि राक्षसाला द्या. मग त्यांनी तिला बांधले.

भगिनींनो, बोलली आई. साखळी पडली लेकीच्या हातांत. कवीला हे खटकल्याशिवाय राहिलेले नाही. आईच्या जिभेची शिक्षा मुलीने भोगावी असा हुकूम देणाऱ्या देवाला तो सरळ अन्यायी म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वी एक पुरुष देवाला अन्यायी म्हणाला, याचे मला फार कौतुक वाटते. कारण आपण अजूनही तितके म्हणायला धजत नाही. आपल्याकडे स्थळे पाहताना काय चालते ते आठवा. मुलगी गुणी, कामसू, पण "आई तोंडाळ आहे हो", एवढ्यावर पत्रिका परत येते. खाण तशी माती, असे म्हणून मोकळे होतो. आपल्याच आळीत एका मुलीची अशी तीन वर्षे गेली. त्या मुलीने कोणाला कधी उलट शब्द दिल्याचे मी ऐकलेले नाही.

पुढे ऐका. त्याच वेळी पर्सियस नावाचा वीर आकाशातून चालला होता. त्याच्या पायांत पंख असलेली पायताणे होती, आणि पिशवीत मेड्युसा नावाच्या राक्षसिणीचे कापलेले डोके. तिच्याकडे जो पाही तो दगड होई. आता ही मेड्युसा तरी जन्माची राक्षसीण होती का? ओव्हिड सांगतो की ती आधी सुंदर केसांची मुलगी होती. समुद्रदेवाने मिनर्व्हा देवीच्या देवळात तिच्यावर बळजबरी केली, आणि देवीने शिक्षा केली ती मुलीला. तिच्या केसांचे साप केले. समुद्रदेवाला कोणी काही बोलले नाही. आणि तोच समुद्रदेव इथे रूपाच्या गर्वाबद्दल दुसऱ्याच्या मुलीला राक्षसाच्या तोंडी द्यायला निघाला आहे. असो.

पर्सियसला वरून ती दिसली. आधी त्याला वाटले संगमरवरी पुतळाच आहे. मग वाऱ्याने केस हलले, डोळ्यांतून पाणी येताना दिसले, आणि तो असा भान हरपला की पंख हलवायचेच विसरणार होता. तो खाली उतरला आणि तिला विचारू लागला, तुझे नाव काय, देश कोणता, तुला बांधले का? ती आधी गप्प राहिली. परक्या पुरुषाशी बोलायचे कसे? हात मोकळे असते तर तिने तोंड झाकले असते. डोळे तेवढे मोकळे होते, ते भरून आले. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला तेव्हा ती बोलली. का बोलली, हे कवीने सांगितले आहे. आपण गप्प राहिलो तर आपलाच काही अपराध असेल असे याला वाटेल, म्हणून बोलली.

माझे मन या जागेवरून पुढे जाईना. समोरून मरण पोहत येते आहे, हात खडकाला जखडलेले आहेत, आणि तशात त्या मुलीला काळजी कसली, तर बघणाऱ्याला मी गुन्हेगार वाटेन याची. हे त्या कवीला कसे कळले असेल? रात्री उशीर झाला तर दारातून आत पाऊल टाकण्याआधी "बस चुकली" असे सांगणाऱ्या मुली तुमच्या माझ्या घरांत आहेत. कोणी विचारण्याच्या आधी त्या सांगतात.

आईबाप तिथेच जवळ उभे होते. रडत होते, तिच्या बांधलेल्या अंगाला मिठ्या मारत होते. पर्सियस त्यांना म्हणाला की रडायला पुढे पुष्कळ वेळ मिळेल, सोडवायला फार थोडा आहे. मला हा माणूस इथे आवडला. पण लगेच पुढे त्याने काय केले? आपले कुळ सांगितले, आपण केलेले पराक्रम सांगितले, आणि म्हणाला, मी हिला वाचवले तर ही माझी, असा करार करा. आईबापांनी करार केला, वर हुंडा म्हणून राज्यही कबूल केले. म्हणजे राक्षस लाटा कापत येतो आहे आणि इथे लग्नाची बोलणी बसली आहेत! बैठकीत सगळे होते. मुलगीही होती, खडकाला बांधलेली. तिला कोणी विचारले नाही.

आता चित्राकडे या. कवीने राक्षस मारण्याची झुंज चवीने वर्णिली आहे आणि त्यात वीराला पुढे ठेवले आहे. टिशियनने काय केले पाहा. डाव्या बाजूला, अगदी पुढे, वरपासून खालपर्यंत उभी मुलगी. तिच्या अंगावर सगळा उजेड. वीर मात्र दूर, वर, डोके खाली आणि पाय वर असा आकाशातून कोसळणारा, हातात ढाल आणि तलवार. त्याच्या खाली समुद्रात राक्षसाने जबडा वासला आहे. तो जिंकणार हे आपल्याला गोष्टीवरून माहीत आहे. चित्रावरून मुळीच कळत नाही. पडणाऱ्या माणसासारखाच तो दिसतो. आणि ज्यांनी करार केला ते आईबाप तिच्या आसपास कुठे नाहीत. मिठी मारायलाही नाहीत. ती एकटी आहे. एक हात वर जखडलेला, एक खाली, आणि मान त्या धुमश्चक्रीकडे वळलेली. तिच्या पायांशी शिंपले आणि लाल पोवळ्याच्या फांद्या पडल्या आहेत. हे चित्र क्ष-किरणांनी तपासले तेव्हा दिसून आले की काम करता करता चित्रकाराने तिची उभी राहण्याची ढब बदलली होती. म्हणजे सहज जमून गेले असे नाही. ती कशी उभी राहील याचा त्याने पुष्कळ विचार केला.

मघाशी म्हटलेला मुद्दा आता घेते. ती अशी उघडी का? ओव्हिडने तिला पुतळ्यासारखी म्हटले हे एक झाले. पण खरे कारण लपवण्यात अर्थ नाही. हे चित्र स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी काढलेले होते. त्याच्यासाठी टिशियनने पुराणकथांवरची सहा मोठी चित्रे काढली आणि त्यांना तो 'काव्ये' म्हणे. सहाही चित्रांत उघड्या बायका आहेत. १५५४ साली त्याने फिलिपला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो की पहिल्या चित्रात स्त्री पुढून दाखवली, दुसऱ्यात मागून दाखवली, आता अँड्रोमेडा पाठवीन ती आणखी वेगळ्या बाजूने दिसेल. दुकानदार गिऱ्हाइकापुढे लुगडी उलगडतो तसे हे पत्र आहे. ते कळल्यावर मी चित्र गुंडाळून कपाटावर ठेवले होते, आठ दिवस उघडले नाही.

पुन्हा उघडले तेव्हा मात्र मला त्यात निराळे दिसले. राजाला जे पाहायचे ते राजाने पाहिले असेल. पण नुसते रूपच दाखवायचे असते तर चित्रकाराने तिला आरामात निजवले असते. पहिल्या चित्रातली बाई तशी निजलेलीच आहे. इथे अंगाला पीळ पडला आहे, साखळीने हात ओढला गेला आहे, तोल जातो की काय असा एक पाय आहे. गिऱ्हाईक राजा असले तरी भीती त्याने खरी रंगवली. गिऱ्हाइकाने पैसे वेळेवर दिले असेही नाही! राहिलेल्या पैशांसाठी टिशियन म्हातारपणापर्यंत फिलिपला पत्रे लिहीत होता. १५७६ साली व्हेनिसला प्लेगची साथ चालू असताना तो वारला. म्हातारपणी तो शेवटचा हात फिरवताना कुंचल्यापेक्षा बोटांनीच अधिक रंग लावी, असे त्याच्याजवळ काम केलेल्या एका चित्रकाराने सांगून ठेवले आहे. पुरणपोळीला हातच लागतो, लाटण्याने सगळे होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच.

एका बाबतीत मात्र मी टिशियनला माफ करणार नाही. राजकन्या इथिओपियाची, आणि चित्रात पाहा, दुधासारखी गोरी! ओव्हिडनेच आपल्या दुसऱ्या एका काव्यात एका बाईच्या तोंडी घातले आहे की, मी गोरी नसले म्हणून काय झाले, अँड्रोमेडा तिच्या देशाच्या रंगासारखी सावळी होती आणि तरी पर्सियसला ती आवडली. म्हणजे कवीला माहीत होते. तरी चित्रकारांनी शतकानुशतके तिला गोरी केली. आपण त्यांना नावे ठेवण्याआधी घरच्या कॅलेंडराकडे एकदा पाहावे. द्रौपदीचे नाव कृष्णा, आणि कॅलेंडरावर तिचा रंग कोणता असतो?

लग्नाचे पुढे काय झाले तेही सांगते. अँड्रोमेडाचे लग्न आधी तिच्या सख्ख्या काकाशी, फिनियसशी, ठरलेले होते. मुलगी खडकाला बांधली तेव्हा हा गृहस्थ हलला नाही. लग्नाच्या पंगतीत मात्र माणसे आणि शस्त्रे घेऊन आला, माझी बायको पळवली म्हणून. तेव्हा राजा त्याला म्हणाला की, तुला ती हवी होती तर खडकापाशी यायचे होतेस. काका आणि नवरा असून तू नुसता बघत राहिलास. बरोबर बोलला. पण राजेसाहेब, आपण त्या वेळी काय करत होता, असे विचारायला त्या मंडपात कोणी नव्हते. शेवटी पर्सियसने मेड्युसाचे डोके बाहेर काढले आणि फिनियसचा दगड झाला.

अँड्रोमेडा स्वतः काय म्हणाली, हे ओव्हिडने सांगितलेले नाही. पण त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी ४१२ साली, युरिपिडीस नावाच्या ग्रीक नाटककाराने तिच्यावर नाटक केले होते. ते हरवले, फक्त तुकडे राहिले. जुन्या ग्रंथकारांनी त्याची हकीकत लिहून ठेवली आहे ती अशी की, सुटका झाल्यावर आईबापांजवळ राहायला ती तयार झाली नाही; आपल्या मनाने पर्सियसबरोबर त्याच्या गावी गेली. सगळ्या कथेत तिने स्वतः ठरवलेली ही एकच गोष्ट, आणि ती ज्या नाटकात होती तेच नेमके हरवावे!

चित्राचा प्रवास लांबला, तो थोडक्यात सांगते. स्पेनमधून ते व्हॅन डायक या प्रसिद्ध चित्रकाराकडे गेले. १६४१ साली तो वारला तेव्हा त्याच्याकडे होते. मग फ्रान्सला, आणि तिथल्या राज्यक्रांतीनंतर विकले जाऊन इंग्लंडला. तिथे हर्टफर्ड घराण्यात आले आणि पुढे सर रिचर्ड वॉलेस यांच्या न्हाणीघरात टांगले गेले. होय, न्हाणीघरात! आज ज्याच्यासाठी लोक समुद्र ओलांडून येतात ते चित्र वाफेत आणि शिंतोड्यांत लटकत होते. सर रिचर्ड १८९० साली वारले. त्यांच्या पत्नीने मृत्युपत्र करून घरातला संग्रह ब्रिटिश राष्ट्राला देऊन टाकला. बाई १८९७ साली गेल्या, आणि १९०० साली त्याच वाड्यात संग्रहालय उघडले. आत जायला पैसे पडत नाहीत. मोठमोठ्या सरदारांनी चार पिढ्या जमवले आणि सर्वांसाठी दार उघडले एका बाईच्या सहीने. तिचे नाव मात्र पाटीवर नवऱ्याच्या आडनावापुरतेच आले.

त्या मृत्युपत्रामुळे चित्र वाड्याबाहेर नेता येत नाही असा समज होता. २०१९ साली तशी परवानगी मिळाली आणि २०२०च्या मार्चमध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत फिलिपची सहाही चित्रे चारशेहून अधिक वर्षांनी एका जागी आली. प्रदर्शन तीन दिवस चालले आणि कोरोनामुळे बंद करावे लागले. जुलैत पुन्हा उघडले. मधले साडेतीन महिने ती सहा चित्रे बंद दालनात एकमेकींसमोर होती. आपणही त्या वेळी घरांतच होतो.

पोवळ्याबद्दल सांगायचे राहिले. राक्षस मेल्यावर पर्सियसने हात धुतले, आणि मेड्युसाच्या डोक्याला वाळू टोचू नये म्हणून खाली पाने आणि समुद्रातल्या वनस्पती पसरल्या. त्या वनस्पती त्या डोक्याच्या स्पर्शाने कडक झाल्या, तेच पोवळे, असे ओव्हिड म्हणतो. कापलेल्या डोक्याखालीही मऊ अंथरूण घालावे असे त्याला वाटले, हे मला चांगले वाटले. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे की, रोममध्ये हिंदुस्थानच्या मोत्यांना जी किंमत, ती हिंदुस्थानात पोवळ्यांना. म्हणजे पोवळे तेव्हापासून आपल्याकडे येत होते. आज इथे तिघीचौघींच्या गळ्यांत पोवळ्याचे मणी मला दिसत आहेत.

आणि ही माणसे रोज रात्री आपल्या डोक्यावर असतात, हे सांगितले नाही तर माझे भाषण अपुरे राहील. ग्रीकांनी त्या सर्वांना आकाशात नेऊन बसवले. आपल्या मराठी ताऱ्यांच्या पुस्तकांत त्याच तारकांना आपल्या ओळखीची नावे दिलेली आहेत. कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा. सेफियस म्हणजे वृषपर्वा. पर्सियस म्हणजे ययाति. आणि अँड्रोमेडा म्हणजे देवयानी. जलराक्षस झाला तिमिंगल. ज्याने कोणी ही नावे बसवली त्याला नमस्कार करावासा वाटतो. महाभारतातली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. भांडणात शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकलले, शिकारीला आलेल्या ययातीने हात धरून तिला वर काढले. इथेही सुटका, इथेही पुढे लग्न. पण एक फरक आहे. आपली देवयानी बांधलेली नव्हती आणि गप्पही नव्हती. माझा हात तू धरलास, आता तूच माझा पती, असे तिने पुढे राजाला स्वतः ऐकवले. तिचा स्वभाव मला फारसा आवडत नाही, शर्मिष्ठेला तिने दासी केले ते तर मुळीच नाही. पण बोलली ती स्वतः.

दिवाळीच्या सुमारास रात्री नऊच्या आसपास उत्तरेकडे तोंड करून पाहिले तर इंग्रजी एम अक्षरासारखे पाच तारे दिसतात, ती शर्मिष्ठा. तिथून नजर वर नेली की जवळजवळ डोक्यावर ताऱ्यांची एक ओळ लागते, ती देवयानी. ईशान्येला ययाति. देवयानीजवळ अंधाऱ्या रात्री एक पुसट पांढरा डाग दिसतो. तो ढग नव्हे, ती आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आकाशगंगा, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. नुसत्या डोळ्यांना दिसते, पण अंधार हवा. लक्ष्मीपूजनाला अमावस्याच असते, मात्र रोषणाईचा उजेड फार होतो. म्हणून भाऊबीज झाल्यावर एके रात्री आपण गच्चीवर जमावे असे चिटणीसबाईंशी बोलून ठरवले आहे. चंद्राची कोर त्या वेळी लवकर मावळते. गच्चीवरचा दिवा अर्धा तास बंद ठेवायला वॉचमनला सांगितले आहे, आणि ज्यांना फार वेळ मान वर करून उभे राहवत नाही त्यांच्यासाठी सतरंज्या वर नेऊन ठेवू. मुलींना बरोबर आणा.